पीयूसी पास, कोड एकही नाही, तरी गाडीचा कॉम्प्युटर 'रेडी' होत नाही (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल सेडान, एमएच-१३ पासिंग. दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा "ती कंपनीच तसली" यावर जाऊन बसेल आणि माझं काम राहील बाजूला.

इंजिनचा पिवळा दिवा लागत नाही. किल्ली फिरवली की पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो, म्हणजे कुणी बल्ब काढून ठेवलेला नाही. पीयूसी गेल्या आठवड्यात केली, पास. हौस म्हणून ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याची माहिती मोबाइलवर दाखवणारा) मागवला, ॲपमध्ये 'रेडीनेस' (गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्यात ते) नावाचं पान उघडलं आणि तिथून डोक्याला भुंगा लागला. मिसफायर, फ्युएल सिस्टिम, कंपोनंट्स, ऑक्सिजन सेन्सर हीटर: सगळे कम्प्लीट. ऑक्सिजन सेन्सर: इनकम्प्लीट. कॅटॅलिस्ट (म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग): इनकम्प्लीट. बिघाडाचा कोड एकही नाही, पेंडिंग (म्हणजे अजून पक्का न झालेला) कोडही नाही. अक्कलकोट झालं, पंढरपूर झालं, रोजचं ऑफिस आहेच. ह्या दोन ओळी काही हलत नाहीत. ॲव्हरेजही कमी वाटतं, हायवेला १३ च्या वर जात नाही.

पीयूसीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मशीन पास म्हणालंय, तुम्ही कशाला खोलात जाताव?"

हे दुखणं आहे का नुसती ॲपची गंमत? आणि दुखणं असेल तर पीयूसीत का नाही दिसलं?

शेंगाचटणी
दिवा नाही, कोड नाही, पीयूसी पास. आणि तुम्ही पैसे देऊन डोंगल आणून आजार शोधायलाव. मालक, सर्टिफिकेट कप्प्यात ठेवा आणि हुरड्याला जा, सीझन संपत आलाय.

नियमवाला
शेंगाचटणी, हुरड्याबद्दल वाद नाही. पण पीयूसीत गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी काही विचारतच नाही, हे आधी लक्षात घ्या. मोटार वाहन नियम ११५ खाली होते ती तपासणी सायलेन्सरच्या टोकाची. बीएस-४ (धुराच्या सरकारी मानकाची एक पायरी) पेट्रोल चारचाकीला आयडलवर, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. मग इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून पुन्हा मोजतात, तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अगदी बरोबर) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. गाडी जागेवर उभी, पाच मिनिटांचा खेळ. स्टिअरिंगखालच्या सॉकेटकडे कुणी वाकूनही बघत नाही.

एमएच-१३ आणि २०१४ म्हणजे बीएस-४ असणार, तरी आरसीवर बघून घ्या. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आलं ते फक्त १३ शहरांत, आणि दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर त्या यादीत आपलं सोलापूर होतं. सगळ्या देशाला लागू व्हायला २०१७ उजाडलं. (यादीत नाव लागलं ते हवा खराब म्हणून, तेव्हा छाती फार फुगवायचं कारण नाही.) एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. म्हणजे तुमच्या गाडीला कॅटॅलिस्ट स्वतः तपासण्याची सोय कंपनीनेच दिलेली आहे. ती तपासणी पूर्ण का होत नाही, हा प्रश्न रास्त आहे.

सनीवेलचा_सोलापुरी
जुळे_सोलापूरकर, हीच गाडी घेऊन तुम्ही इकडे कॅलिफोर्नियात स्मॉग चेकला (इकडची पीयूसी) आला असता तर दारातून परत पाठवली असती.

इकडे २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरला नळीसुद्धा लावत नाहीत. सॉकेटला वायर जोडतात, कॉम्प्युटर काय म्हणतो ते बघतात, बॉनेट उघडून नजर टाकतात, झालं. आणि त्या गाड्यांना फक्त एकच मॉनिटर (रेडीनेसच्या यादीतली तपासणी) अपुरा चालतो, तोही पेट्रोलच्या वाफेचा, म्हणजे इव्हॅप. कॅटॅलिस्ट अपुरा असेल तर चर्चाच नाही. इकडच्या केंद्र सरकारची जी मार्गदर्शक रीत आहे ती थोडी सैल आहे: १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन अपुरे चालतात, २००१ पासूनच्यांना एक. बरीच राज्यं तसं धरतात.

माझ्या शेजाऱ्याने तपासणीच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी बसवली. गाडी ठणठणीत, पण 'नॉट रेडी' म्हणून परत. बॅटरीची वायर निघाली की मॉनिटर पुसले जातात, मग गाडीने सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करायच्या. इनकम्प्लीट म्हणजे नापास नाही हो, निकाल राखून ठेवलाय.

पार्कचौक
सोपं आहे. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल अर्धा तास काढून ठेवा, कॉम्प्युटर फ्रेश होईल. मग टाकी अर्धी ठेवून (फुल नको, रिझर्व्हला नको) हायवेला पळवा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असंच केलं होतं. आणि टर्मिनल ढिलं आहे का बघा, ढिलं असेल तर कॉम्प्युटर रोज विसरणार.

अण्णा_गॅरेज
पार्कचौक, थांबा बे जरा. वरती सनीवेलवाले काय सांगायलेत? वायर काढली की सगळं पुसतं. ज्या पाटीवर दोन ओळी लिहायच्या राहिल्यात ती आख्खी पाटीच पुसायला सांगताव तुम्ही.

जुळेवाले, कायबी काढू नका, कायबी डिलीट मारू नका. सकाळी गाडी थंड असताना वरच्या होजला, म्हणजे इंजिनपासून रेडिएटरला वरून जाणाऱ्या जाड पाइपला, हात लावून ठेवा आणि चालू करा. कधी गरम होतो ते सांगा. आणि ॲपमध्ये कूलंटचं टेंपरेचर बघा, एकदा सिग्नलला, एकदा हायवेला. गाडी चालवताना मोबाइल बघू नका, शेजारी कुणाला तरी बसवा.

सोळाअंकी
अण्णांची तपासणी होईपर्यंत माझंही एक काम करा. स्वस्त डोंगलची ॲपं कधीकधी जी तपासणी गाडीत मुळात नाहीच तिलाही 'इनकम्प्लीट' दाखवतात. ॲपमध्ये टर्मिनल असेल तर तीन कमांड द्या: ०१०१, ०१३० आणि ०१३१. उत्तरात जे आकडे येतील ते जसेच्या तसे इथे टाका.

जुळे_सोलापूरकर
आले:
०१०१ ला: ४१ ०१ ०० ०७ ६१ २१
०१३० ला: ४१ ३० ०९
०१३१ ला: ४१ ३१ ०७ ४७

ह्यातलं मला ओ की ठो कळत नाही. होजचं उद्या सकाळी बघतो.

सोळाअंकी
छान, काही लपलेलं नाही यात. हे आकडे सोळाच्या पायातले आहेत. पहिली ओळ घ्या. ४१ ०१ म्हणजे "तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर". पुढचं ०० म्हणजे दिवा बंद आणि कोड शून्य. एक कोड असून दिवा लागलेला असता तर तिथे ८१ दिसलं असतं. ०७ म्हणजे मिसफायर, फ्युएल, कंपोनंट्स ह्या सतत चालणाऱ्या तीन तपासण्या आहेत आणि तिन्ही पूर्ण.

मग ६१. गाडीत कोणत्या तपासण्या बसवल्यात त्याची ही यादी. ६१ म्हणजे ६ गुणिले १६ अधिक १, आपले ९७, म्हणजे ६४ अधिक ३२ अधिक १. अनुक्रमे सेन्सर हीटर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिस्ट. इव्हॅपचा ४ त्यात नाही. तेव्हा पार्कचौक, टाकी अर्धी का पाऊण ह्याचा ह्या गाडीशी संबंध नाही, ती अट मुख्यतः इव्हॅपसाठी असते. शेवटचा २१ म्हणजे ३३: ३२ अधिक १. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिस्ट खरोखरच अपुरे आहेत. ॲप खोटं बोलत नाही.

आता मजा पुढे आहे. ०१३१ म्हणजे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. ०७ ४७ म्हणजे ७ गुणिले २५६ अधिक ७१, बरोबर १,८६३ किलोमीटर. म्हणजे बॅटरी, ढिलं टर्मिनल, मेमरीचा फ्यूज हे सगळे संशयित सुटले. पुरवठा मधे तुटत असता तर हा आकडा शून्याच्या आसपास घुटमळला असता. कॉम्प्युटर विसरत नाहीये. त्याला सगळं आठवतंय, फक्त तपासायची संधी मिळत नाहीये.

आणि ०१३० म्हणजे पुसल्यापासून किती वेळा इंजिन नीट गरम झालं. नऊ! १,८६३ किलोमीटरमध्ये फक्त नऊ. एक 'वॉर्म-अप' धरायला कूलंट सुरुवातीपेक्षा किमान २२ अंशांनी वाढावं लागतं आणि ७१ च्या वर जावं लागतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा हा आकडा एवढा कमी? अण्णा, तुम्हाला वास आधीच लागला होता वाटतं.

अण्णा_गॅरेज
ॲव्हरेज १३ म्हणाले तवाच लागला.

जुळे_सोलापूरकर
सकाळचा रिपोर्ट. चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज कोमट, मग हळूहळू गरम. कूलंट: सात रस्त्याच्या सिग्नलला ८६. विजापूर रोडला ८० च्या स्पीडला लागलो तर उतरत उतरत ६५, ६६. भावाला शेजारी बसवलं होतं, त्यानेच लिहून घेतलं. सिग्नलला वाढतं आणि हायवेला उतरतं हे मला उलटं वाटलं. हायवेला इंजिन जास्त काम करतं ना?

अण्णा_गॅरेज
काम जास्त करतं, पण वारापण जास्त खातं. थर्मोस्टॅट वॉल्व्ह कशाला असतो? इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचा रस्ता बंद ठेवायला. ८२ किंवा ८८ ला उघडतो, गाडीप्रमाणे. वॉल्व्ह बरोबर असेल तर वरचा होज बराच वेळ थंडगार राहतो आणि मग एकदम तापतो. तुमचा मिनिटात कोमट झाला. एकतर वॉल्व्ह उघडा अडकलाय, नाहीतर कुणीतरी काढूनच टाकलाय. मी पैज लावतो, काढलाय.

सोलापुरात हे लई चालतं. एप्रिलमध्ये ४२-४३ होतं, गाडी गरम झाली की येतात, "वॉल्व्ह काढा अण्णा". जुन्या मेकॅनिकला वाटतं रस्ता मोकळा केला की गाडी थंड. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना खपून गेलं. आताच्या गाडीला इंजिन थंड दिसलं की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो आणि तपासणीला बसतच नाही. कॅटॅलिस्टची तपासणी हायवेला एकसारख्या स्पीडला होते, आणि नेमकं हायवेलाच तुमचं इंजिन ६५ ला. सिग्नलला ८६ होतं, पण तवा गाडी उभी. आता सांगा, कवा करायची त्याने तपासणी?

नियमवाला
आणि पीयूसीत गाडी उभीच असते! जागेवर इंजिन व्यवस्थित तापतं, धूर साफ येतो, मशीन पास म्हणतं. जुळे_सोलापूरकरांच्या मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर हे. ती पावती जरा काढा बरं, लॅम्डा किती छापलाय?

जुळे_सोलापूरकर
१.०२. मर्यादेच्या आत आहे ना?

नियमवाला
आत आहे, काठावर आहे. डोक्यात ठेवा.

शेंगाचटणी
मी मागे घेतो माझं. हुरडा मात्र मागे घेत नाही.

जुळे_सोलापूरकर
आमच्या विजापूर नाक्याच्या मेकॅनिककडे हाऊसिंग उघडलं. आत वॉल्व्ह नाही. रिकामं. अण्णा, पैज जिंकलात. पण दुसरं एक दिसलं: आतून पांढरा थर, आणि रेडिएटरमधून निघालं ते कूलंट नव्हतंच, गढूळ पाणी. मेकॅनिक म्हणतोय नवा वॉल्व्ह टाकतो आणि पाणी भरून देतो.

अण्णा_गॅरेज
पाणी नको! आता कळलं वॉल्व्ह का काढला होता ते. कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलंय. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड, घरातल्या गीझरची कॉइल बघितली की कळतं. तोच खडा रेडिएटरच्या नळ्यांत बसला, गाडी गरम व्हायला लागली, आणि रेडिएटर साफ करायचं सोडून वॉल्व्ह काढला. आता नुसता वॉल्व्ह टाकला तर उन्हाळ्यात गाडी पुन्हा गरम होणार आणि पुन्हा कुणीतरी तो काढणार.

रेडिएटर काढून साफ करून घ्या, नळ्या जास्तच बुजल्या असतील तर बदला. फॅन कितीला चालू होतो बघा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, नाहीतर तयार मिक्स मिळतं ते. हवा काढल्याशिवाय झाकण लावू देऊ नका. वॉल्व्ह कंपनीने सांगितलेल्या टेंपरेचरचाच, दुकानदार "हा पण बसतो" म्हणाला तरी ऐकू नका.

पार्कचौक
नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, माणसाला प्यायला पुरत नाही, ते रेडिएटरला कोण देणार? बोअरचंच भरणार लोक. बाकी बॅटरीचं माझं म्हणणं ह्या गाडीला लागू नव्हतं, मान्य. पण ढिल्या टर्मिनलने मॉनिटर पुसले जातात हे खरंच आहे.

सोळाअंकी
खरंच आहे की. म्हणूनच आधी ०१३१ बघायचं. किलोमीटर शून्याजवळ असतील तर तुमचा रस्ता, हजारात असतील तर अण्णांचा.

जुळे_सोलापूरकर
रेडिएटर बाहेर काढून साफ केला, वॉल्व्ह ८२ चा बसला, हिरवं कूलंट भरलं. बॅटरीला हात लावू दिला नाही. मेकॅनिक सवयीने पाना घेऊन निघालाच होता. आता वरचा होज बराच वेळ थंड राहतो. हायवेला ८४-८५ ला काटा थांबतो. आता नुसतं चालवत राहू का काही पद्धत आहे?

अण्णा_गॅरेज
पद्धत आहे. तुमच्या गाडीची नेमकी कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, ती मिळाली तर तीच धरा. नाही मिळाली तर सर्वसाधारण अशी: रात्रभर गाडी उभी राहू द्या. पहाटे, रस्ता रिकामा असताना काढा. चालू करून दोन-तीन मिनिटं नुसती उभी, एसी बंद. मग गावातून निवांत बाहेर. हायवेला टॉप गिअरला ७० ते ८० मध्ये धरून ठेवा, दहा-पंधरा मिनिटं, पाय हलवायचा नाही. पुढेमागे कुणी नाही बघून पाय पूर्ण उचला, गिअरमध्येच राहू द्या, ब्रेक नको, क्लच नको, ४० पर्यंत आपोआप उतरू द्या. परत ८०. असं काही वेळा. शेवटी बाजूला घेऊन दोन मिनिटं आयडल. मधे किल्ली बंद करायची नाही.

पुणे रोडला जाऊ नका, सावळेश्वरच्या टोलला थांबावं लागतं आणि ट्रक सारखे आडवे येतात. विजापूर रोडने टाकळीला भीमेच्या पुलापर्यंत जा, तुम्हाला जवळ पडतो.

सनीवेलचा_सोलापुरी
इकडे लोक तपासणीच्या आधी हेच करतात, फ्रीवेवर शनिवारी सकाळी. अण्णांनी सांगितलेल्यात एक जोड: क्रूझ कंट्रोल असेल तर लावा, माणसाचा पाय कितीही स्थिर म्हटला तरी हलतो.

आणि कुणी "ऐनवेळी कोड पुसून पास करून घेऊ" म्हणत असेल तर इकडे तो दरवाजाही बंद झालाय. २०१० च्या आसपासपासूनच्या गाड्यांत 'पर्मनंट कोड' असतो. तो स्कॅनरने पुसत नाही, बॅटरी काढूनही जात नाही. गाडीने स्वतः ती तपासणी पुन्हा करून पास झाली तरच जातो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून तो बघतात. सूट एवढीच, की कोड पुसल्यानंतर १५ वॉर्म-अप आणि २०० मैल झाले असतील तर त्या पर्मनंट कोडवरून अडवत नाहीत. तुमच्या नऊ वॉर्म-अपवाल्या गाडीला ती सूटही मिळाली नसती.

जुळे_सोलापूरकर
पहाटे टाकळीपर्यंत जाऊन आलो. पुलावर थांबून वाचलं तेव्हा शेवटचा आकडा २१ चा ०१ झाला होता, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर पूर्ण. परतीच्या वाटेवर मंद्रूपच्या पुढे कॅटॅलिस्टही झाला:
४१ ०१ ०० ०७ ६१ ००

घरी येऊन चहा घेतला, फोटो काढला, आणि सहज पेंडिंग कोडचं पान उघडलं. पी०४२०. कॅटॅलिस्टची कार्यक्षमता मर्यादेखाली. दिवा अजून नाही. हे कसं काय? आता तर रेडी म्हणतोय ना?

सोळाअंकी
रेडी म्हणजे तपासणी झाली. पास झाली असं तो कुठे म्हणाला? निकाल लागला, आणि नापास लागला. कॅटॅलिस्टचा कोड बहुतेक गाड्यांत दोन फेऱ्यांचा असतो: पहिल्यांदा नापास झाला की पेंडिंग, दुसऱ्या फेरीत पुन्हा झाला की पक्का कोड आणि दिवा. आता एक विचारतो. गाडी ताब्यात घेतली तेव्हाचं किलोमीटर कुठे लिहिलंय का?

जुळे_सोलापूरकर
ओडोमीटरचा फोटो आहे, करारासाठी काढलेला. तुम्ही १,८६३ सांगितलं त्या दिवशी फरक १,८२४ होता.

सोळाअंकी
म्हणजे ताबा मिळायच्या आधी ३९ किलोमीटरवर कुणीतरी कोड पुसले. विकणाऱ्याने, मधल्या माणसाने का कुठल्या मेकॅनिकने, ते आकडा सांगत नाही. पण दिवा लागलेला होता आणि तो विझवून गाडी दाखवली, असा माझा तर्क. वॉल्व्ह नसल्याने तपासणी होत नव्हती, म्हणून दिवा परत लागला नाही.

शेंगाचटणी
अरे बाप रे. हे तर सीआयडी झालं.

जुळे_सोलापूरकर
म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला? मेकॅनिकने आकडा सांगितला तो ऐकून खुर्ची धरली.

अण्णा_गॅरेज
घाबरू नका आणि लगेच पैसे काढू नका. पी०४२० आला की कॅट बदलायचा हे स्कॅनर बघून धंदा करणाऱ्याचं काम. आधी गळती बघा. नियमवाल्यांनी लॅम्डा विचारला होता ना, १.०२. सायलेन्सरच्या लाइनला कुठं फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, लॅम्डा वर सरकतो आणि मागच्या सेन्सरला (कॅटच्या पुढं एक आणि मागं एक ऑक्सिजन सेन्सर असतो) भलतंच दिसतं. कॅट चांगला असूनपण मग कोड येतो.

इंजिन थंड असताना चालू करा, हातमोजा घालून जाड ओलं फडकं टेलपाइपवर दाबून धरा, दोन-चार सेकंदच. कॅटच्या जोडाला फुस्स आवाज येतो का दुसऱ्याला ऐकायला सांगा. काळे डाग पण बघा, गळती असेल तिथं काजळी धरते. मोकळ्या जागेत करा, शटर लावून करू नका.

नसेल गळती तर मग मागच्या सेन्सरचं व्होल्टेज बघू. चांगल्या कॅटच्या मागं ते ०.६-०.७ ला बऱ्यापैकी शांत बसतं. पुढच्यासारखं सारखं वरखाली नाचत असेल तर कॅट दमलाय.

जुळे_सोलापूरकर
फुस्स नाही, चांगलं फर्र आलं. कन्व्हर्टर आणि मागच्या सेन्सरच्या मधल्या फ्लँजला काजळीचा पंखा उमटलेला. पॅकिंग अर्धं जळून गेलं होतं, एक बोल्ट नव्हताच. नवं पॅकिंग, बोल्ट बदलले. मेकॅनिकने कोड डिलीट करू का विचारलं, नाही म्हणालो.

पार्कचौक
का नाही? आता तर दुरुस्ती झाली, पुसायला काय हरकत?

अण्णा_गॅरेज
पुसला की मॉनिटर पण पुसले. पुन्हा पहाटे उठून टाकळी. पेंडिंगच आहे, पुढची तपासणी पास झाली की कॉम्प्युटर स्वतःच काढून टाकतो. पुसला नाही तर एका फेरीत दोन्ही कळतं, दुरुस्ती बरोबर झाली का पण आणि कोड गेला का पण.

जुळे_सोलापूरकर
पुन्हा टाकळी. पेंडिंगचं पान रिकामं. ०१०१ चं शेवट ०० च. मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६८ च्या आसपास, फारसं हलत नाही. ॲव्हरेज ह्या फेरीला १६ च्या वर, पण पहाटेचा रिकामा रस्ता होता, तेव्हा ते खरं किती ते महिन्याभराने सांगेन. फॅन ९५ ला लागतो आणि लगेच बंद होतो. एप्रिलमध्ये काय होतं ते बघायचं.

नियमवाला
पुढच्या पीयूसीला लॅम्डा किती येतो ते इथे टाका. बीएस-४ ला वर्षभराची मुदत असते, तोवर धागा वर काढायला निमित्त राहील.

हिप्परगा
धागा वाचून डोंगल मागवला. मी पुण्यातून जुनी डिझेल एसयूव्ही घ्यायच्या बेतात आहे. उद्या बघायला जातोय. विकणाऱ्यासमोर नेमकं काय वाचू?

सोळाअंकी
०१३१ आधी. शंभर-दोनशेच्या आत किलोमीटर आले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. नवी बॅटरी असेल तर बिल दाखवतील, नसेल तर सावध. मग ०१३०, वॉर्म-अप आणि किलोमीटरचा मेळ बसतो का ते. मग ०१०१. डिझेलला तपासण्यांची यादी वेगळी असते: ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी सोय), बूस्ट (टर्बोचा दाब), डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तो, वगैरे. काही ॲपं डिझेललाही पेट्रोलचीच नावं लावतात, त्यामुळे नावांवर जाऊ नका, आकडे इथे टाका. बीएस-३ असेल तर मात्र ह्यातलं बरंचसं मिळणारच नाही, आरसी आधी बघा.

अण्णा_गॅरेज
आणि त्यांना फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिनच बघायचं. गरम करून ठेवलेली दाखवली तर होजला हात लावून काय कळणार?

हिप्परगा
सांगितलं. म्हणाले, "सकाळीच धुऊन, फिरवून तयार ठेवतो."

अण्णा_गॅरेज
मग परवा जा, न सांगता.